फिरोजशहा मेहता रस्त्यावरचं ‘वंडरवॉल’

१ नोव्हेंबर १९६८ रोजी इंग्लंडच्या बाजारात एक तबकडी आली. नाव होतं ‘वंडरवॉल म्युझिक’. बीटल्स या जगप्रसिद्ध चौकडीतल्या एखाद्याने स्वतःच्या नावावर काढलेला हा पहिला अल्बम, आणि तो काढणारा होता जॉर्ज हॅरिसन. बीटल्सनी ‘ॲपल’ नावाची स्वतःची ध्वनिमुद्रिका कंपनी काढली, तिचाही हा पहिलाच अल्बम. यादीतला क्रमांक एक. अशा तबकडीवर सुई टेकवली की गिटार ऐकू येईल, अशीच कुणाचीही अपेक्षा असणार. प्रत्यक्षात ऐकू येते ती सनई. ती वाजवली गेली मुंबईच्या फोर्ट भागात, एका विमा कंपनीच्या इमारतीत.

या अल्बमवर १९ तुकडे आहेत. एका इंग्लिश चित्रपटाचं हे पार्श्वसंगीत. बीटल्सची गाणी तोंडपाठ असलेल्या अनेकांनी यातला एकही तुकडा ऐकलेला नसतो. मराठी रसिकांच्या गप्पांत तर ही तबकडी क्वचितच निघते. तिच्या वेष्टनावरच्या वादकांच्या यादीत मात्र जाधव आहेत, केंकरे आहेत आणि मुंबईत नावारूपाला आलेले शिवकुमार शर्माही आहेत.

बोलणं कमी, भिंतीतलं भोक मोठं

‘वंडरवॉल’ हा चित्रपट जो मॅसॉट या दिग्दर्शकाचा. गोष्ट म्हटली तर चिमूटभर. एक विसराळू, एकलकोंडा शास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकात डोळा घालून आयुष्य काढत असतो. शेजारच्या घरात एक तरुण मॉडेल राहायला असते. भिंतीतल्या भोकातून त्याला तिचं रंगीबेरंगी जग दिसतं आणि तो त्यात हरवून जातो. शास्त्रज्ञाचं काम जॅक मॅकगावरन या आयरिश नटाने केलं. सॅम्युअल बेकेटच्या नाटकांसाठी तो नावाजलेला होता. शेजारीण झाली होती जेन बर्किन.

चित्रपटात संवाद फार थोडे. शास्त्रज्ञ पाहत राहतो, प्रेक्षकही पाहत राहतात. अशा चित्रपटात संगीताला मागे उभं राहून चालत नाही, पात्राच्या मनातलं त्यालाच सांगावं लागतं. मॅसॉटने हॅरिसनला मोकळीक दिली : तू जे करशील ते मी चित्रपटात वापरीन. हॅरिसनला याआधी पार्श्वसंगीताचा अनुभव नव्हता. तो हातात स्टॉपवॉच घेऊन प्रसंग पाहायचा, प्रत्येकाची लांबी टिपायचा आणि तेवढ्या मापाचा तुकडा बांधायचा. त्यामुळे यातले काही तुकडे जेमतेम मिनिटभराचे आहेत.

पाश्चात्त्य धाटणीचे तुकडे लंडनमध्ये नोव्हेंबर १९६७ पासून ध्वनिमुद्रित होऊ लागले. लिव्हरपूलचा ‘रेमो फोर’ हा वाद्यवृंद आणि पियानोवादक व संयोजक जॉन बारहॅम हे त्यातले मुख्य साथीदार. ‘स्की-इंग’ नावाच्या तुकड्यात एरिक क्लॅप्टनची गिटार आहे. उरलेल्या कामासाठी जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसनने मुंबईचं विमान पकडलं.

त्याआधीची तीन वर्षं

हॅरिसनला हिंदुस्थानी संगीताचं हे वेड एकाएकी लागलं नव्हतं. १९६५ मध्ये ‘हेल्प!’ या बीटल्सच्या चित्रपटाचं चित्रीकरण चालू होतं. त्यात एका हिंदुस्थानी उपाहारगृहाचा प्रसंग आहे. तिथे वादकांच्या हातातली सतार हॅरिसनने पहिल्यांदा जवळून पाहिली. म्हणजे या प्रकरणाची सुरुवातही चित्रपटाच्या सेटवरच झाली. त्याच वर्षी ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्यात त्याने सतार वाजवली, ती शिकाऊ हातांनीच.

पुढच्या वर्षीच्या ‘लव्ह यू टू’ या गाण्यात तबला आहे, तो अनिल भागवत यांचा. लंडनमध्ये अंगडी दांपत्य ‘एशियन म्युझिक सर्कल’ ही संस्था चालवत असे, तिच्यामार्फत भागवतांना बोलावणं गेलं. एप्रिल १९६६ मध्ये ॲबी रोडच्या स्टुडिओत त्यांनी तबला वाजवला आणि ऑगस्टमध्ये आलेल्या ‘रिव्हॉल्व्हर’ अल्बमच्या वेष्टनावर त्यांचं नाव छापून आलं. बाहेरच्या वादकाचं नाव बीटल्सच्या वेष्टनावर येणं ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती. १९६७ च्या ‘विदिन यू विदाउट यू’ या गाण्यात दिलरुबा वाजवणाऱ्यांमध्ये अण्णा जोशी होते. त्यांच्या वाट्याला मात्र वेष्टनावर जागा आली नाही.

दरम्यान १९६६ च्या जून महिन्यात हॅरिसनची पंडित रविशंकरांशी भेट झाली आणि सप्टेंबरमध्ये तो सतार शिकायला मुंबईत आला. ताजमहाल हॉटेलात त्याने ‘सॅम वेल्स’ या खोट्या नावाने खोली घेतली होती. ओळख फार दिवस लपली नाही. हॉटेलासमोर गर्दी जमू लागली, तेव्हा गुरुशिष्यांनी काश्मीर गाठलं. या मुक्कामात हॅरिसनच्या रियाजाकडे लक्ष देणारे शंभू दास हे रविशंकरांचे शिष्य. रविशंकरांनी मुंबईत काढलेल्या ‘किन्नर’ या संगीतशाळेचं काम ते पाहत. ‘वंडरवॉल’साठी मुंबईत वादक जमवताना हीच ओळख कामी आली.

कोलकात्याहून आलेलं यंत्र

फोर्टात सर फिरोजशहा मेहता रस्त्यावर युनिव्हर्सल इन्शुरन्सची इमारत आहे. तिच्यात ‘एचएमव्ही’चा स्टुडिओ होता. भोंग्यासमोर बसलेल्या कुत्र्याचं चित्र असलेल्या ज्या तबकड्यांवर मराठी घरांनी नाट्यपदं आणि भावगीतं ऐकली, तीच ही कंपनी. मातृसंस्था इंग्लंडची ‘ईएमआय’, म्हणजे बीटल्सचीही तीच.

अडचण यंत्राची होती. मुंबईच्या स्टुडिओत मोनो ध्वनिमुद्रण होत असे : सगळ्या वाद्यांचा आवाज एकाच पट्टीवर, एकत्र मिसळून. नंतर बासरी थोडी वर आणू, सनई थोडी खाली घेऊ, असं काही करता येत नाही. हॅरिसनला स्टिरिओ हवं होतं, कारण ही ध्वनिफीत पुढे लंडनला नेऊन तिच्यावर आणखी काम करायचं होतं. कंपनीचे भारतातले प्रमुख भास्कर मेनन यांनी स्वतः लक्ष घातलं आणि कोलकात्याहून दोन पट्ट्यांचं स्टिरिओ यंत्र आगगाडीने मुंबईला आणवलं. हा पल्ला केवढा, हे गोंदियाकरांना सांगायला नको. नागपूरमार्गे जाणाऱ्या हावडा–मुंबई लोहमार्गावर आपलं जंक्शन जवळपास मधोमध येतं, दोन्ही टोकं हजारेक किलोमीटरवर. हेच मेनन पुढे अमेरिकेत ‘कॅपिटॉल रेकॉर्ड्स’चे आणि नंतर ईएमआयच्या जगभरच्या संगीत व्यवसायाचे प्रमुख झाले.

यंत्र आलं तरी स्टुडिओ होता तसाच राहिला. तो कचेऱ्यांच्या वर होता आणि आवाज अडवण्याची व्यवस्था बेताची. रस्त्यावरच्या टॅक्सींचे भोंगे वर यायचे. संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्या कारकुनांच्या पावलांचा धडधडाट सुरू होई. तेवढा वेळ ध्वनिमुद्रण थांबवावं लागे. हे हॅरिसननेच पुढे मुलाखतीत सांगितलं होतं. नीट कान देऊन ऐकलं तर काही तुकड्यांत टॅक्सी ऐकू येते, असंही तो म्हणाला होता.

कोण कोण वाजवत होतं

वेष्टनावरची यादी अशी : सरोदवर आशिष खाँ, तबला आणि पखवाजावर महापुरुष मिश्र, सनईवर शरद जाधव आणि हनुमान जाधव, सतारीवर शंभू दास, इंद्रनील भट्टाचार्य आणि शंकर घोष, सूरबहारवर चंद्रशेखर, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर एस. आर. केंकरे, तारशहनाईवर विनायक व्होरा, हार्मोनियम आणि तबलातरंगावर रिजराम देसाद. काही नावांची रोमन स्पेलिंगं ओळखू येणार नाहीत इतकी बिघडली आहेत, पण नावं आहेत.

आशिष खाँ हे मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँ यांचे नातू आणि अली अकबर खाँ यांचे पुत्र. महापुरुष मिश्र हे अली अकबर खाँ यांचे नेहमीचे तबल्याचे साथीदार. शिवकुमार शर्मा तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावरचे. चित्रपटाचं पार्श्वसंगीत त्यांना नवं नव्हतं. व्ही. शांतारामांच्या ‘झनक झनक पायल बाजे’ या १९५५ च्या चित्रपटात त्यांचं संतूर वाजलं होतं.

या यादीतलं तारशहनाई हे वाद्य आज फारसं दिसत नाही, म्हणून त्याची रचना जरा जवळून पाहू. नावात शहनाई असली तरी हे फुंकून वाजवायचं वाद्य नाही. ते इसराज किंवा दिलरुब्यासारखं गजाने वाजतं. मांडीजवळ उभं धरायचं, उजव्या हाताने गज तारेवर ओढायचा आणि डाव्या हाताची बोटं पडद्यांवरून सरकवायची. वेगळेपण आहे ते आवाज बाहेर पडण्याच्या जागी. वाद्याला एक पातळ पडदी जोडलेली असते आणि तिच्यापुढे धातूचा कर्णा. तारेचं कंपन पडदीत जातं, पडदी हवा हलवते आणि कर्णा तो आवाज मोठा करून एका दिशेला फेकतो. जुन्या ग्रामोफोनच्या भोंग्याचं तत्त्वही हेच. त्यामुळे तारेच्या वाद्याला सनईचा अनुनासिक, टोकदार सूर येतो, आणि गजामुळे मींड मात्र सारंगीसारखी सलग निघते. ‘क्राइंग’ या तुकड्यात हे वाद्य अक्षरशः हुंदके देतं.

तुकडे ऐकताना

पहिला तुकडा ‘मायक्रोब्स’, म्हणजे सूक्ष्मजंतू. पडद्यावर शास्त्रज्ञाच्या सूक्ष्मदर्शकाखालचं जग, कानावर सनई. आपल्याकडे सनई म्हटली की लग्नाचा मांडव आणि देवळातला चौघडा. इथे तिला मंगलकार्याचं कामच दिलेलं नाही. तिचा सूर उदास, लांबवर पसरलेला आहे आणि एकट्या माणसाच्या खोलीला तो शोभतो. ‘तबला अँड पखवाज’ मध्ये फक्त चामड्याची वाद्यं. ‘इन द पार्क’ मध्ये संतूराचे थेंब आणि सूरबहारचा खर्ज. ‘गत किरवानी’ हे नावच सांगतं त्याप्रमाणे किरवानी रागातली द्रुत गत.

‘लव्ह सीन’ मध्ये दोन सरोद एकमेकांशी बोलतात. दोन्ही आशिष खाँ यांचेच. आधी एक वाजवून घेतला आणि तो ऐकत त्यावर दुसरा चढवला. स्वतःशीच जुगलबंदी करण्याची ही रीत रॉकच्या स्टुडिओत रुळलेली होती, आपल्या शास्त्रीय वादकांना ती नवी होती. ‘ड्रीम सीन’ हा पाचेक मिनिटांचा तुकडा याहून धाडसी. त्यात हिंदुस्थानी गळे आहेत, उलट्या फिरवलेल्या ध्वनिफिती आहेत, मध्येच तोडलेले आवाज आहेत. बीटल्सच्या ‘रिव्होल्यूशन ९’ या गाजलेल्या ध्वनिप्रयोगाच्या काही महिने आधीचं हे काम. शेवटचा तुकडा ‘सिंगिंग ओम’. नावाप्रमाणे ओंकाराचा घोष, सोबत हार्मोनियम.

राग तासभर फुलवणाऱ्या वादकांना दीड-दोन मिनिटांत बसवायचं हा अन्याय, असं कुणाला वाटेल. पण आपल्या ध्वनिमुद्रणाचा इतिहासच मुळी तीन मिनिटांचा आहे. गौहरजानने १९०२ मध्ये तबकडीसाठी गायला सुरुवात केली तेव्हापासून ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर जेवढं मावेल तेवढ्यात राग उभा करायचं कसब आपल्या कलावंतांनी कमावलं होतं. हॅरिसनचं स्टॉपवॉच या परंपरेला परकं नव्हतं.

उरलेल्या वेळातलं गाणं

चित्रपटाचं काम उरकत आलं तेव्हा हॅरिसनने याच वादकांकडून आणखी एक चाल वाजवून घेतली. ती चित्रपटासाठी नव्हती. फेब्रुवारीत लंडनला ॲबी रोडवर त्याने तिच्यावर शब्द गायले. बीटल्समधल्याच लेनन आणि मॅकार्टनी यांनी शेवटी सूर मिसळला. गाण्याचं नाव ‘दि इनर लाइट’. शब्दांचा आधार ‘ताओ ते चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाचा. केंब्रिजमधले संस्कृतचे अभ्यासक ह्वान मास्कारो यांनी हॅरिसनला ते सुचवलं होतं. चिनी विचार, इंग्लिश गळा आणि फोर्टातली बासरी, असा हा मेळ. या ध्वनिमुद्रणात हरिप्रसाद चौरसिया यांचीही बासरी आहे. पाश्चात्त्य वाद्य एकही नाही.

१५ मार्च १९६८ रोजी हे गाणं ‘लेडी मॅडोना’च्या तबकडीच्या मागच्या बाजूला आलं. बीटल्सच्या सुट्या तबकडीवर हॅरिसनची रचना येण्याची ही पहिलीच वेळ. युरोपबाहेरच्या स्टुडिओत वाद्यसंगीत मुद्रित झालेलं बीटल्सचं हे एकमेव गाणं, आणि तो स्टुडिओ मुंबईचा. तबकडी लाखोंच्या घरात गेली. तिच्यावर वादकांची नावं मात्र नव्हती. पुढे दहा वर्षं हे गाणं बीटल्सच्या कुठल्याही अल्बमवर घेतलं गेलं नाही, त्यामुळे ते विस्मरणात गेलं.

रॉक आणि रुपेरी पडदा

रॉक वाद्यवृंदांची अशी अडगळीतली चित्रपटगीतं बरीच आहेत. बीटल्सच्याच ‘यलो सबमरीन’ या १९६८ च्या व्यंगपटात चार नवी गाणी होती आणि त्यांतली दोन हॅरिसनची. त्यांतलं ‘ओन्ली अ नॉर्दर्न साँग’ हे आधी बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ या अल्बमसाठी केलेलं आणि तिथून वगळलेलं. लेननचं ‘हे बुलडॉग’ तर चित्रपटाच्या अमेरिकी प्रतीतून कापलंच गेलं. पिंक फ्लॉइडने बार्बे श्रोडर या दिग्दर्शकासाठी १९६९ मध्ये ‘मोअर’ आणि १९७२ मध्ये ‘ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स’ असे दोन अल्बम केले. नंतरच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’च्या प्रचंड यशाने ते झाकोळले. कारण उघड आहे. चित्रपट चालला नाही की त्याचं संगीतही पेटीत जातं. ते मैफलीत वाजत नाही, रेडिओवर लागत नाही.

‘वंडरवॉल’चं तसंच झालं. मे १९६८ मध्ये कान महोत्सवात तो दाखवला गेला, लंडनच्या चित्रगृहात यायला जानेवारी १९६९ उजाडलं आणि नंतर तो दिसेनासा झाला. तबकडी बाजारात आली आणि तीन आठवड्यांत बीटल्सचा ‘व्हाइट अल्बम’ येऊन थडकला. त्यापुढे सनई कोण ऐकणार? अमेरिकेत ‘वंडरवॉल म्युझिक’ बिलबोर्डच्या यादीत ४९ व्या क्रमांकापर्यंत गेला, इंग्लंडच्या यादीत शिरलाही नाही.

१९९५ मध्ये ओएसिस या इंग्लिश वाद्यवृंदाने ‘वंडरवॉल’ नावाचं गाणं काढलं आणि ते जगभर गाजलं. नाव घेतलं होतं हॅरिसनच्या अल्बमवरून. आज इंटरनेटवर ‘वंडरवॉल’ शोधा, आधी ओएसिसच येतं. २०१४ मध्ये हॅरिसनच्या सुरुवातीच्या अल्बमांचा संच निघाला. त्यात ‘वंडरवॉल’सोबत मुंबईच्या त्याच बैठकांतलं ‘दि इनर लाइट’चं केवळ वाद्यांचं रूप आलं. सुरुवातीला हॅरिसन वादकांशी बोलताना ऐकू येतो.

नाव छापण्याचं मोल

या तबकडीची खरी नवलाई तिच्या मागच्या बाजूला आहे. अल्बम हॅरिसनचा, पण त्याने स्वतः कोणतं वाद्य वाजवलं हे वेष्टनावर कुठेच लिहिलेलं नाही. तो फक्त रचनाकार आणि निर्माता. एरिक क्लॅप्टनसारख्या बड्या गिटारवादकाचं खरं नावही तिथे नाही. ज्यांना लंडनमध्ये कुणी ओळखत नव्हतं, त्या मुंबईच्या सनईवाल्यांची, बासरीवाल्याची, तबलजींची नावं मात्र वाद्यासकट छापलेली आहेत. त्याच काळात आपल्या हिंदी-मराठी चित्रपटांच्या तबकड्यांवर संगीतकार, गीतकार आणि गायक एवढीच नावं असायची. अजरामर गाण्यांतली बासरी कुणाची, मेंडोलिन कुणाचं, हे शोधायला आज संशोधकांना वणवण करावी लागते. ‘वंडरवॉल’च्या बाबतीत हा प्रश्न बराचसा सुटलेला आहे, तो एका छापील यादीने. ‘दि इनर लाइट’ हे गाणं ‘वंडरवॉल’हून कितीतरी अधिक घरांत पोचलं, तरी त्यात कोण काय वाजवतं यावर आजही अभ्यासकांचा काथ्याकूट चालतो.

म्हणून झाडीपट्टीतल्या वाचकांना एक विनंती. आपल्याकडे मंडईच्या रात्री होणाऱ्या नाटकांच्या, दंडारीच्या, खडी गंमतीच्या जुन्या कॅसेटी अजून कुणाच्या ना कुणाच्या कपाटात आहेत. ऑर्गन, तबला, ढोलकी वाजवणारे त्यांतले बरेच जण आज गावात भेटू शकतात. कॅसेट मोबाइलमध्ये उतरवून घेण्याआधी त्यांच्याकडे जा आणि वादकाचं नाव, वाद्य, गाव आणि वर्ष एवढ्या चार गोष्टी विचारून डबीवर लिहा. आणि ‘वंडरवॉल म्युझिक’ आता इंटरनेटवर सहज ऐकायला मिळतं. पहिला तुकडा लावाल तेव्हा सोबतच्या माणसाला सांगा, ही सनई शरद जाधव आणि हनुमान जाधव यांची आहे.